अ‍ॅम्प्लिफायरमधला महागडा फ्यूज: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर बसवलेला हा 'ऑडिओफाइल' (आवाज सुधारतो म्हणून विकला जाणारा) फ्यूज उन्हाळा लागेपर्यंत माझ्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होता. रोज संध्याकाळी ऐकणं होतंच, त्यामुळे विक्रेते 'बर्न-इन'साठी, म्हणजे नवा फ्यूज वापरून मुरण्यासाठी, जेवढे तास सांगतात ते केव्हाच उलटले. माझं मत आधीच सांगतो: मेन्सचा, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्याच्या वाटेवरचा, फ्यूज बदलून आवाजात फरक पडत नाही. साधा काचेचा फ्यूज पुण्यात तपकीर गल्लीत दहा-वीस रुपयांत मिळतो, याची किंमत पाच आकडी आहे.

पहिल्या संध्याकाळी मात्र तानपुरा जास्त मोकळा वाटला, मंद्र षड्जाला वजन आल्यासारखं वाटलं. असं वाटणाऱ्या माणसाला मी खोटं ठरवणार नाही. पण फ्यूज काढून घालताना होल्डरच्या पितळी पट्ट्या घासल्या जातात, त्यांच्यावरचा काळा थर निघतो, आणि आपणही त्या दिवशी एरवीपेक्षा कान देऊन ऐकतो. म्हणून होल्डर कॉन्टॅक्ट क्लीनरने नीट साफ केला आणि जुनाच फ्यूज परत घातला. तानपुरा तितकाच मोकळा होता.

मग घरच्यांची मदत घेतली. मी खोलीबाहेर; बायको अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून, कधी फ्यूज बदलायची, कधी नुसतं झाकण उघडून लावायची. व्हॉल्यूमला हात लावायचा नाही, बंदिश तीच. आत कोणता फ्यूज आहे ते मी ओळखायचो. नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढंच बरोबर आलं असतं.

मोजमापही केलं. साध्या मल्टीमीटरवर इतका कमी रेझिस्टन्स नीट कळत नाही, म्हणून बेंच सप्लायमधून एक अँपिअर करंट सोडून फ्यूजच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजला. साध्यावर सुमारे 45 मिलिव्होल्ट, महागड्यावर सुमारे 38. म्हणजे फरक सात मिलिओहमचा. घराच्या वायरिंगमधली 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरमागे साधारण 12 मिलिओहम असते, आणि विजेच्या मीटरपासून माझ्या सॉकेटपर्यंत अशी कित्येक मीटर तार भिंतीत आहे. त्यापुढे ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा (मेन्सला जोडलेल्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स काही ओहम. संध्याकाळी सोसायटीतले एसी सुरू झाले की 230 चा व्होल्टेज कित्येक व्होल्टने खाली-वर होतो, त्यात सात मिलिव्होल्ट कुठे शोधायचे? शिवाय फ्यूजमधून संगीत जात नाही. स्पीकरला लागणारा करंट रेक्टिफायरनंतरच्या (करंट एकाच दिशेचा करणाऱ्या भागानंतरच्या) मोठ्या कॅपॅसिटरमधून, म्हणजे विजेच्या साठ्यातून, येतो, फ्यूज फक्त ते भरणाऱ्या वाटेवर बसलेला असतो. फ्यूजवर दिशेचा बाण छापलाय, पण 50 हर्ट्झचा करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो.

फ्यूज खरोखर ऐकू येऊ शकतो अशी एक जागा आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. कित्येक जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या वाटेतच फ्यूज असे. तिथे संगीताचा सगळा करंट त्या बारीक तारेतून जातो. खर्जाच्या संथ लहरीत तार प्रत्येक अर्ध्या आवर्तनात तापते आणि निवते, तिचा रेझिस्टन्स त्याबरोबर बदलतो आणि तिसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या तिप्पट फ्रीक्वेन्सीचा नको असलेला सूर) तयार होतो. डग्लस सेल्फ या ब्रिटिश इंजिनिअरने हे मोजून दाखवलं आहे. माझ्याकडच्या एका जुन्या अ‍ॅम्पवर साउंड कार्ड लावून पाहिलं: फ्रीक्वेन्सी कमी करत गेलो तसा तिसरा हार्मोनिक वर येत गेला, करंट फ्यूजच्या रेटिंगच्या जवळ गेला तसा आणखी. पण वितळणारी तार महागड्या फ्यूजमध्येही असतेच. स्पीकरच्या वाटेतला फ्यूज फीडबॅकच्या (आउटपुटमधली चूक मोजून दुरुस्त करणाऱ्या फेरीच्या) आत घेणं, किंवा तो काढून डीसी प्रोटेक्शनचा रिले (स्पीकरकडे डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, जाऊ लागला तर जोडणी तोडणारा स्विच) बसवणं, हे त्यावरचे खरे उपाय. नुसती तार जोडून फ्यूज कधीही बायपास करू नका. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर डीसी थेट वूफरवर जातो.

सुरक्षेबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. काही विक्रेते 'एक पायरी वरचा घ्या' असा सल्ला देतात. तो ऐकू नका. मागच्या पॅनेलवर टी 2 ए (2 अँपिअर) लिहिलंय तर नेमका टी 2 ए घालायचा. टी म्हणजे उशिरा उडणारा. टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो, तिथे एफ (लगेच उडणारा) घातला तर विनाकारण उडत राहील. काच आणि सिरॅमिक हाही फरक बघा. आयईसी 60127 मानकाप्रमाणे 'एल' खुणेचा 2 अँपिअरचा काचेचा फ्यूज 35 अँपिअरपर्यंतचा फॉल्ट तोडण्यासाठी असतो, 'एच' खुणेचा सिरॅमिक 1500 अँपिअरपर्यंतचा. कंपनीने सिरॅमिक दिला असेल तर तिथे काच नको. माझ्या महागड्या फ्यूजवर कोणत्याही मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची खूण नव्हती, आणि रात्रभर प्लग लावून ठेवायच्या यंत्रात तो असणं मला पटलं नाही.

आता तिथे नावाजलेल्या कंपनीचा, खुणा असलेला सिरॅमिक टी 2 ए आहे. कोकणात किंवा मुंबईत खाऱ्या हवेत राहत असाल तर वर्षातून एकदा प्लग काढून, थोडा वेळ थांबून, होल्डर साफ करून घ्या.