चेहऱ्याच्या नसेची कळ: कार्बामॅझेपिन की ऑक्सकार्बाझेपिन?

दात घासताना, भाकरीचा घास चावताना किंवा बेळगावच्या थंडीत गालाला वारं लागताच विजेसारखी कळ येते आणि काही सेकंदांत जाते, ती बहुधा ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाची, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याची. दाढ काढून ती थांबत नाही, पॅरासिटॅमॉलचाही उपयोग होत नाही. गाल बधिर असेल, दोन्ही बाजूंना दुखत असेल किंवा चाळिशीच्या आत सुरू झालं असेल, तर एमआरआय टाळू नये.

गोळ्यांत सर्वांत जास्त पुरावा कार्बामॅझेपिनचा. साधारण १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करून दर तीन दिवसांनी थोडी थोडी वाढवतात. बहुतेकांना दिवसाला ६०० ते ८०० पुरते, कमाल १२००. म्हाताऱ्या माणसांत त्याहून सावकाश, कारण तोल जाऊन पडण्याची भीती असते. तीन ते पाच आठवड्यांनी गुण कमी झाल्यासारखा वाटतो, तेव्हा ‘औषध अंगवळणी पडलं’ म्हणून घाबरू नये. यकृत ती गोळी जास्त वेगानं पचवू लागतं, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. याच कारणानं वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचाही परिणाम घटतो.

वॉरफरिन चालू असेल तिथं ऑक्सकार्बाझेपिन बरी: १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पासून दिवसाला एकूण ६०० ते १८०० पर्यंत. गुंगी कमी, पण रक्तातलं सोडियम घटण्याचा धोका जास्त. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, वर मीठही तोडलं असेल, तर मळमळ, गोंधळ, फिटही येऊ शकते. अशा घरात आमची पसंती कार्बामॅझेपिनला, तेही सोडियम तपासत. गर्भनिरोधक गोळ्यांवर मात्र दोन्ही औषधं चालू असताना भिस्त ठेवू नये.

अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एकीचं पुरळ आलं की चारातल्या एकाला दुसरीचंही येतं, म्हणून मनानं बदल नको. एरवी कुठलीही गोळी एकदम तोडायची नाही.

बॅक्लोफेन, लॅमोट्रिजिन, गॅबापेंटिन ही मागची फळी. लॅमोट्रिजिन वाढवायलाच आठवडे लागतात. आजच्या कळेला ती कामाची नाही. गॅबापेंटिनचा डोस मूत्रपिंड पाहून ठरतो.

शेवटची अडचण चिठ्ठीची. दोन नावं दिसायला सारखी, पण २०० कार्बामॅझेपिन म्हणजे साधारण ३०० ऑक्सकार्बाझेपिन. निपाणीत चालू असलेलं पाकीट संपलं आणि चिकोडीत दुसरं घेतलं, तर पाकिटावरचं पूर्ण नाव नि मिलिग्रॅम दोन्ही जुळवून मगच घ्यावं.