ओस्लो ते बर्गन : हा प्रवास एका दिवसात उरकू नये

नॉर्वेची राजधानी ओस्लो आणि पश्चिम किनाऱ्यावरचे बर्गन या दोन शहरांना जोडणारा रेल्वे, बोट आणि बस असा जोडप्रवास तिथे एकाच आरक्षणात मिळतो. कुटुंबासह युरोपला निघणाऱ्या आपल्या विदर्भातल्या लोकांना एकच गोष्ट सुचवायची झाली, तर मी हा प्रवास सुचवीन. ओस्लोहून बर्गनच्या गाडीने मिर्दालपर्यंत जायचे, तिथे डोंगरी गाडीत बसून फ्लोमला उतरायचे, फ्लोमहून बोटीने नॅरॉयफ्योर्ड या उंच कड्यांमधल्या चिंचोळ्या समुद्रखाडीतून (फ्योर्डमधून) गुदवांगेनला, तिथून बसने वॉसला आणि वॉसहून पुन्हा रेल्वेने बर्गनला पोहोचायचे, असा त्याचा क्रम आहे. जाहिरातीत तो एका दिवसाचा म्हणून दाखवतात आणि वेळापत्रकाच्या हिशेबाने तो एका दिवसात होतोही. आमच्याबरोबर गुडघ्यांनी थकलेली आई आणि शाळकरी मुले होती, म्हणून आम्ही फ्लोमला मुक्काम केला, आणि आता माझे ठाम मत आहे की धडधाकट माणसांनीसुद्धा तो तसाच करावा.

जाण्याचा काळ विदर्भातल्या घरांना विशेष सोयीचा आहे. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत पेरणीची घाई नसते. मेचा उत्तरार्ध आणि जूनचे पहिले काही दिवस असा जो मोकळा काळ शेतकरी कुटुंबाला मिळतो, नेमका तेव्हाच नॉर्वेच्या डोंगरांवरचा बर्फ वितळत असतो आणि धबधबे भरून वाहत असतात. जुलैमध्ये हवा अधिक उबदार असते, पण गर्दीही फार असते. मेअखेरीस रात्री दहा वाजताही बाहेर उजेड असतो, त्यामुळे दिवस लांबतो आणि मुलांना झोपवणे मात्र कठीण जाते. नॉर्वे युरोपीय संघात नसले तरी व्हिसा शेंगेनचाच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, लागतो, त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो आणि ही कागदपत्रे होळीच्या आधीच हाती घेतलेली बरी.

ओस्लो-बर्गन रेल्वे १९०९ साली पूर्ण झाली. या गाडीत लहान मुलांसाठी खेळायची जागा असलेला कौटुंबिक डबा असतो. तिकीट काढतानाच तो मागून घ्यावा, कारण मिर्दालपर्यंतचा प्रवास पाच तासांच्या जवळ जातो आणि इतका वेळ मुलांना खिडकीशी बसवून ठेवणे कोणालाच जमणार नाही. पहिले काही तास शेते, नदी आणि झाडी यांत जातात, मग गायलोनंतर झाडे विरळ होऊ लागतात आणि फिन्सेला ती उरतच नाहीत. फिन्से हे नॉर्वेतले सर्वांत उंचावरचे रेल्वेस्थानक १,२२२ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याहून फारसे उंच नाही. तरीही चिखलदऱ्याला लोक उन्हापासून सुटका म्हणून जातात त्याच दिवसांत फिन्सेच्या आसपास बर्फ पसरलेला असतो, कारण ही जागा विषुववृत्तापासून साठ अंश उत्तरेला आहे. फिन्सेला मोटाररस्ता पोहोचत नाही. तिथे राहणाऱ्यांचा आणि येणाऱ्यांचा सारा भार रेल्वेवर आहे, हे मुलांना समजावून सांगितल्यावर त्यांनी त्या स्थानकाकडे वेगळ्या लक्षाने पाहिले.

मिर्दाल ते फ्लोम हा या प्रवासाचा गाभा आहे. जेमतेम २० किलोमीटरच्या अंतरात गाडी सुमारे ८६५ मीटर खाली उतरून समुद्रपातळीवर येते, आणि मार्गाच्या बहुतेक भागात चढ अठरास एक, म्हणजे अठरा मीटर अंतराला एक मीटर, असा आहे. दातेरी रुळांचा आधार न घेता साध्या रुळांवर चालणाऱ्या गाडीसाठी हा चढ फार मोठा आहे. वाटेत २० बोगदे आहेत. त्यांपैकी १८ मुख्यतः हातांनी खोदले गेले, आणि अशा खोदाईत एका मीटरला सुमारे एक महिना लागत असे. एका ठिकाणी गाडी डोंगराच्या पोटातच पूर्ण वळते, आणि बाहेर आल्यावर आपण आलो तो मार्ग वरच्या अंगाला दिसतो. १९४० साली ही रेल्वे वाहतुकीला खुली झाली तेव्हा ती दरीतल्या गावांसाठी आणि फ्योर्डवरून येणाऱ्या मालासाठी होती. पुढे मोटाररस्ते झाले, उत्पन्न आटले, ती बंद करण्याची भाषाही झाली आणि अखेर पर्यटनाच्या बळावर ती तगली. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर या पट्ट्यात ज्यांनी शकुंतला रेल्वेने प्रवास केला आहे, त्यांना हे वाचून जे वाटेल तेच मला त्या डब्यात बसून वाटले. कापूस वाहणारी आपली अरुंद गाडी थांबली आणि तिच्या रुळांवर झुडपे वाढली. डोंगरातली ही शाखा मात्र जपली गेली, आणि तिच्यामुळे एका लहानशा गावाला वर्षभर काम मिळते.

मधल्या क्योसफोसेन धबधब्यापाशी गाडी काही मिनिटे थांबते आणि प्रवाशांना फलाटावर उतरू देतात. तुषार अंगावर येतात, म्हणून वृद्धांना आधीच रेनकोट घालून ठेवावा. उन्हाळ्यात इथे संगीत लावून हुल्द्रा या लोककथेतल्या वनस्त्रीचा नाच दाखवला जातो. मुलांना तो फार आवडला. माझ्या मते ते पाणी एकटेच पुरेसे आहे. आईने बराच वेळ वर पाहून एवढेच विचारले, “हे पाणी असंच रातदिवस पडते काय?” बर्फ वितळतो तोवर ते खरोखरच तसे पडत राहते.

एका दिवसाच्या कार्यक्रमात फ्लोमला थोडासा वेळ मिळतो आणि तो खाणे शोधण्यात व रांगेत जातो. ओस्लोला जाण्यापूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका प्रवासी संस्थेने आम्हाला दिलेल्या कार्यक्रमातही फ्लोम असेच ओझरते होते, म्हणून आम्ही तो नाकारून आरक्षण स्वतः केले. धक्क्यावर मोठी पर्यटक जहाजे लागलेली असली की दुपारी हे गाव गजबजून जाते. संध्याकाळी जहाजे सुटतात, दिवसाचे प्रवासी निघून जातात, आणि मग दरीतल्या वाटेने शेते, मेंढ्या व जुने लाकडी चर्च पाहत शांतपणे चालता येते. मुक्कामाचा दुसरा लाभ म्हणजे स्टेगास्टाइन. औरलांड्सफ्योर्डच्या वर ६५० मीटरवर, डोंगराच्या कडेतून ३० मीटर बाहेर आलेला हा लाकूड आणि पोलादाचा सज्जा आहे, आणि फ्लोमहून तिथे बस जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही न चढता एवढी उंची पाहायला मिळते.

बोटीचा टप्पा सुमारे दोन तासांचा आहे. २०१८ पासून या मार्गावर पूर्णपणे विजेवर चालणारी बोट आहे. तिला धूर नाही आणि इंजिनाची घरघरही नाही, त्यामुळे कड्यांवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. बाहेरच्या बाजूने वरच्या मजल्यापर्यंत उताराचा रुंद मार्ग केलेला असल्याने आई कोणाचा हात न धरता वर गेली. आत काचेमागे उबदार बसायची जागा आहे. नॅरॉयफ्योर्ड १७ किलोमीटर लांब असून सर्वांत अरुंद जागी त्याची रुंदी केवळ २५० मीटर आहे. २००५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. एवढ्या चिंचोळ्या पाण्यातून दोन्ही बाजूंच्या उंच कड्यांमधून जाताना बोटभर प्रवासी गप्प झाले होते. वाटेत उन्द्रेदाल हे शेळ्यांच्या चीजसाठी प्रसिद्ध असलेले छोटे गाव दिसते. पुढचा बसचा टप्पा सुखाचा आहे, त्याविषयी अधिक सांगण्याजोगे नाही.

शाकाहारी कुटुंबाची खरी अडचण जेवणाची आहे. उपाहारगृहात साधी जेवणाची थाळी म्हणावी असा पदार्थ शाकाहाऱ्यांना क्वचितच मिळतो आणि जे मिळते ते फार महाग असते. एका क्रोनला, म्हणजे तिथल्या चलनाला, किती रुपये मोजावे लागतात, हे लक्षात ठेवूनच फलक वाचावा. यावर उपाय म्हणजे स्वयंपाकघर असलेली खोली किंवा लाकडी घर घेणे. बटाटे, कोबी, अंडी आणि ब्रेड किराणा दुकानात रास्त दरात मिळतात. रविवारी मात्र देशभर बहुतेक मोठी दुकाने बंद असतात. डाळ, तांदूळ, ज्वारीचे पीठ आणि जवसाची चटणी घरून न्यावी. तूप, खवा, पेढे असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेण्यास बंदी आहे, म्हणून आग्रहाने दिलेला डबाही घरीच ठेवावा. विजेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही, थालीपीठ मात्र उत्तम होते. तिथले तपकिरी चीज अवश्य चाखावे. दुधाची निवळी आटवून केलेले हे चीज गोडसर असते आणि त्याची चव खरपूस भाजलेल्या खव्याच्या जवळ जाते. नळाचे पाणी सर्वत्र पिण्याजोगे आहे, त्यामुळे पाण्याच्या बाटल्यांचा खर्च वाचतो.

बर्गनला पाऊस गृहीत धरूनच जावे, कारण तिथे वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पावसाचे असतात. ब्रिगेन ही जुन्या व्यापाऱ्यांच्या लाकडी वखारींची रांग १९७९ पासून जागतिक वारशात आहे. १७०२ च्या आगीनंतर जुन्याच पद्धतीने उभारलेल्या त्या इमारतींमधल्या बोळांतून फिरायला एक दुपार पुरते. १९१८ पासून चालणारी फ्लोयेन टेकडीची दोरखंडाची रेल्वे ३२० मीटरवर नेते, आणि ढग उघडले तर सारे बंदर खाली दिसते. मुंबईचे विमान ओस्लोहूनच असेल तर बर्गनहून रात्रीची गाडीही मिळते, परंतु बरोबर मुले असतील तर सकाळची घ्यावी. तिकीट जितके आधी काढाल तितके ते स्वस्त पडते.