डिंगबोचेचं हेलिकॉप्टर : फेरी एक, बिलं तीन

नेपाळमध्ये आयलंड पीक करायचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचा. ६,१८९ मीटरचं हे शिखर ‘पहिलं सहाहजारी’ म्हणून सर्रास विकलं जातं आणि नवख्यांच्या भीतीवर तिथे गरज नसताना हेलिकॉप्टरने उतरवून विम्याचे पैसे उकळण्याचा धंदा पोसला जातोय. मी त्यात भरडले गेले.

पॅकेज इतरांपेक्षा बरंच स्वस्त होतं. का, ते वाटेत कळलं. वाटेतल्या नामचे गावातला, उंचीची सवय होण्यासाठीचा विश्रांतीचा दिवस गाईडने ‘हवा बिघडतेय’ म्हणत रद्द केला. आभाळ तर लख्ख होतं. तीन हजार मीटरच्या वर मुक्काम दररोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा साधा नियम त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

डिंगबोचेला, म्हणजे सुमारे ४,४०० मीटरवर, डोकं ठणकायला लागलं, जेवण जाईना. एवढ्या उंचीवर हे पुष्कळांना होतं आणि वर न चढता आराम केला तर बहुतेकदा उतरतंही. गाईडने बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने आकडा वाचला : ८२. “दीदी, आजची रात्र धोक्याची आहे.” त्या उंचीवर धडधाकट माणसाचाही आकडा एवढा येतो. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता येतंय का, बसल्या जागी धाप लागतेय का, खोकला आहे का, यातलं त्याने काहीच तपासलं नाही. मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येतेय का, याचा अंदाज त्यावरूनच येतो. ‘इन्शुरन्स सगळं देतं’ हे मात्र पुन्हा पुन्हा ऐकवलं.

सर्वांत संताप याचा येतो की टेकडी ओलांडली की तासाभरावर फेरिचे नावाचं गाव आहे. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, हंगामात डॉक्टर असतात. गाईडने त्याचं नावसुद्धा काढलं नाही.

सकाळी हेलिकॉप्टर आलं. आत आधीच दोन ट्रेकर होते. काठमांडूत उतरल्यावर थेट एका खासगी रुग्णालयात नेलं, सलाईन लावलं आणि कोऱ्या फॉर्मवर सही मागितली. मी ती दिली नाही. बिल आलं साडेचार हजार डॉलरचं, अख्खं हेलिकॉप्टर माझ्या एकटीच्या नावावर. त्या दोघांची बिलं पाहिली : तेच उड्डाण, तीच वेळ, तेवढीच पूर्ण रक्कम. पूर्वपरवानगी नव्हती म्हणून विमा कंपनीने माझा दावा अडवला आणि पैसे माझ्या खिशातून गेले.

२०१८ साली नेपाळ सरकारने चौकशी केली, तेव्हा ट्रेकिंग एजन्सी, हेलिकॉप्टर कंपन्या आणि रुग्णालयांची हीच साखळी समोर आली होती. एका फेरीची अनेक बिलं, हा त्यातलाच प्रकार.

त्या दोघांपैकी एक जण चिडून म्हणाला, “पुढच्या वेळी कुणी खाली उतर म्हटलं तरी उतरणार नाही.” मला पैशांपेक्षा या वाक्याची धास्ती जास्त वाटते. उंचीवर खरोखर जीव जातो, आणि खरी लक्षणं दिसली की उतरावंच लागतं, त्याच क्षणी, रात्र असली तरी.

म्हणून विमा कंपनीचा आपत्कालीन नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवा आणि हेलिकॉप्टर बोलावण्याआधी, शुद्धीवर असाल तर, स्वतः फोन करा. पॉलिसी किती मीटरपर्यंत लागू आहे ते पाहा. विश्रांतीचे दिवस करारात लिहून घ्या. हेलिकॉप्टरमध्ये आणखी कोण बसलंय त्यांची नावं विचारा, फोटो काढा. माझा दावा पुन्हा उघडला गेला तो त्या दोघांच्या बिलांच्या प्रतींमुळेच.