आयर्लंडची जुनी मतदार नोंदणी सर्व्हिस: पाचपैकी एक स्टार, १८५० च्या अपडेटला तीन

ही सर्व्हिस कधीच बंद पडलीये तरी रिव्ह्यू टाकतोय, कारण मतदार यादीचा विषय निघाला की सगळे बोगस नावांवरच भांडतात आणि आयर्लंडच्या केसमध्ये खरा घोळ वेगळाच होता, यादी नीट ठेवायचं काम नक्की कोणाचं हेच कोणी ठरवलं नव्हतं.

आधी थोडं बॅकग्राउंड. १८२८ ला क्लेअर काउंटीतली (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) पोटनिवडणूक आयरिश कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओकॉनेल जिंकला, पण कॅथलिक असल्यामुळे त्याला लंडनच्या पार्लमेंटमध्ये बसता येईना (आयर्लंड तेव्हा ब्रिटनच्या राज्यात होतं), मग १८२९ ला ब्रिटिश सरकारने नमतं घेतलं आणि कॅथलिकांना दार उघडलं. आणि त्याच झटक्यात काउंटीतली मताची अट ४० शिलिंगवरून (म्हणजे २ पौंड) सरळ १० पौंडांवर नेली!! ज्या बारक्या कुळांनी त्याला निवडून दिलं त्यांचीच मतं गायब. काउंट्यांमध्ये दोन लाखांवर मतदार होते ते राहिले ३७ हजारांच्या आसपास. पहिले दोन स्टार इथेच गेले.

आता जे उरले त्यांनी नाव कसं घालायचं ते बघा. आधी लेखी नोटीस द्यायची, मग दर तिमाहीला भरणाऱ्या क्वार्टर सेशन्सच्या कोर्टात असिस्टंट बॅरिस्टरपुढे (म्हणजे तिथल्या न्यायाधीशापुढे) उभं राहायचं, पट्ट्याचा कागद दाखवायचा, शपथेवर सांगायचं की या जमिनीत माझा वर्षाला १० पौंडांचा फायदा आहे, आणि समोर विरोधी पार्टीचा वकील उलटतपासणीला तयारच. गंमत म्हणजे १० पौंड मोजायचे कसे यावरच एकमत नाही. एक बॅरिस्टर म्हणायचा खंड आणि खर्च जाऊन कुळाच्या हातात खरंच काय उरतं ते बघा, दुसरा म्हणायचा एखादा ऐपतवाला भाडेकरू चालू खंडाच्या वर १० पौंड जास्त द्यायला तयार होईल का ते बघा. दोन्हींचं उत्तर एक येत नाही. म्हणजे तुम्हाला मत मिळणार की नाही हे तुमच्या जमिनीपेक्षा त्या दिवशी समोर कोण बसलाय यावर.

आणि एकदा सर्टिफिकेट मिळालं की ते आठ वर्षं चालायचं, मधे तपासणी नाही. इंग्लंडमध्ये १८३२ पासून दरवर्षी यादी तपासली जायची, इथे नाही. माणूस मेला, गाव सोडून गेला, पट्टा संपला, तरी नाव आपलं जागच्या जागी, आपल्याकडे रेशनकार्डावर वारलेल्या आजोबांचं नाव राहतं तसंच. सर्टिफिकेट हरवलं म्हणून दुसरं काढता यायचं, मग आधीचं फिरत फिरत कोणाच्या खिशात गेलं ते देवालाच माहीत, आणि मतदान तोंडी, सगळ्यांसमोर, त्यामुळे दुसऱ्याच्या नावावर मत टाकल्याच्या तक्रारी भरपूर. अपील पण एकतर्फी. ज्याचं नाव नाकारलं तो वर अपिलात जाऊ शकायचा, पण ज्याचं चुकीचं घातलं त्याच्याविरुद्ध काही करता यायचं नाही, थेट निवडणूक झाल्यावर पिटिशन टाका. खुद्द ओकॉनेलची डब्लिनची १८३५ ची सीट अशाच पिटिशनमध्ये १८३६ ला गेली.

मग १८४० ला लॉर्ड स्टॅनलेने बिल आणलं. (हाच पुढे अर्ल ऑफ डर्बी, १८५८ ला आपल्याकडचं कंपनी सरकार गेलं तेव्हा पंतप्रधान होता तो.) दरवर्षी तपासणी, हरकतीची सोय, अपील दोन्ही बाजूंना. कागदावर एकदम चकाचक, मी तर पहिल्यांदा वाचून म्हटलं बरोबरच आहे की. पण कामधंदा सोडून जो गरीब माणूस एकदा कसाबसा कोर्टात जाऊन आलाय त्याला कोणीही हरकत घेऊन परत परत तिथे खेचणार, आणि तो कंटाळून नाद सोडणार. मेलेली नावं जातील हे खरं, पण त्यांच्याबरोबर जिवंत पण जातील! ओकॉनेल भडकला ते उगाच नाही. बिल बारगळलं. १८४१ ला सरकारातल्या लॉर्ड मॉर्पेथने गरीब कायद्याच्या करासाठी (गरिबांच्या मदतीसाठी गोळा होणारा कर) जमिनीचं जे मूल्यांकन होतं त्यावरच मत द्या असं सुचवलं, मला विचाराल तर मुद्द्याला हात घालणारा हा पहिला माणूस, पण तेही पडलं.

त्यानंतर बटाट्याचं पीक गेल्याने पडलेला मोठा दुष्काळ. माणसं मेली, देश सोडून गेली, पट्टे गेले, आणि १८५० पर्यंत सगळ्या आयर्लंडात मिळून जेमतेम ४५ हजार मतदार उरले. तेव्हा कुठे अपडेट आलं, आणि ते खरंच चांगलं होतं. पुअर लॉ युनियनचा (गरीब कायद्याचं काम बघणाऱ्या स्थानिक विभागाचा) क्लार्क करवहीतून यादी बनवणार, काउंटीत १२ पौंडांचं मूल्यांकन आणि शहरी मतदारसंघात ८ पौंडांचं असलं की नाव आपोआप यादीत, दरवर्षी तपासणी. शपथ नाही, बॅरिस्टरचा मूड नाही, हेलपाटे बरेचसे ऑफिसचे. आकडा गेला १ लाख ६३ हजारांच्या आसपास. (काउंटीसाठी पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाला, कॉमन्सला ८ पौंड हवे होते, वरचं सभागृह लॉर्ड्स १५ वर अडून बसलं, शेवटी १२ वर तोडगा.)

तरी तीनच स्टार, कारण कर थकला की नाव कट, आणि गुप्त मतदान यायला १८७२ उजाडलं, तोपर्यंत जमीनदाराच्या माणसासमोर नाव पुकारूनच मत द्यायचं. १८६८ ला शहरांची अट ४ पौंडांवर आली, काउंट्या तशाच लटकत ठेवल्या. १८८४ ला घरटी मत (प्रत्येक घराच्या कर्त्या पुरुषाला मत) आलं, सव्वादोन लाखांचे सात लाखांवर मतदार झाले आणि पुढच्याच वर्षी आयर्लंडला स्वतःचं सरकार मागणाऱ्या पार्नेलच्या पार्टीने आयर्लंडातल्या १०३ पैकी ८५ जागा उचलल्या. बायकांना तेव्हाही काही नाही, त्याचा वेगळा रिव्ह्यू लागेल.

कोणाला ओरिजिनल कागद बघायची हौस असेल तर, १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं रेकॉर्ड ऑफिस जळालं त्यात बरंच काही गेलं. पण १८४७ ते १८६४ मध्ये छापलेलं ग्रिफिथचं मूल्यांकन (करासाठी केलेली देशभरच्या जमिनी-घरांच्या किमतीची यादी) शिल्लक आहे, ऑनलाइन फुकट चाळता येतं, कोणत्या घराची किंमत किती लावली होती ते नावानिशी दिसतं.