जाहिराती बंद करायच्या की पोरांसोबत बसून बघायच्या?

धुळ्याच्या मावसबहिणीचा पोरगा दुसरीत आहे, टीव्हीत दिसलेली दुधात टाकायची पावडरच पाहिजे म्हणून दुकानात हटून बसतो. ती विचारत होती, टीव्ही-मोबाईल बंदच करू का जाहिराती समजावून सांगू?

बंद करणं सोपं, वेळ लागत नाही. पण ते टिकत नाही ना, किराणा दुकानाच्या शटरपासून एसटी स्टँडपर्यंत सगळीकडे जाहिरातच, आणि यूट्यूबवर खेळणी उघडून दाखवतात ती पण बऱ्याचदा जाहिरातच असते हे मोठ्यांना सुद्धा कळत नाही.

सोबत बसून बघायला डोकं लावावं लागतं, दमून आल्यावर जीवावर येतं, पण ते पोराजवळ राहतं. पाकीट उलटं करायचं अन् घटकांची यादी त्यालाच वाचायला लावायची, जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं असा नियमच आहे, साखर वरच दिसली की पोरगं स्वतःच विचारतं, मग ताकद कशाने येणार? बुद्धी-ताकद वाढते असा दावा मुलांच्या जाहिरातीत पुराव्याशिवाय करता येत नाही, केंद्राचे 2022 चे नियम आहेत, हे पण सांगायचं. खोटं वाटलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

खर्च दोन्हीत नाही.

पोरगं चार-पाच वर्षांचं असेल तर बंदच बरं, त्याला कार्टून आणि जाहिरात यातला फरक नीट कळत नाही. दुसरी-तिसरीपासून पुढे मात्र सोबत बसा, ताईला मी हेच सांगितलं.