ई७१ की कर्व्ह ८५२०? जुना स्मार्टफोन पुन्हा हातात घेणाऱ्यांसाठी

भाच्याची तक्रार अशी की रील्सचा कंटाळाच येत नाही. "मामा, तुझ्या वेळचा एखादा फोन दे. पण अगदी साधा नको, जरा स्मार्ट दे." कपाटात असे दोन निघाले, नोकिया ई७१ आणि ब्लॅकबेरी कर्व्ह ८५२०. पहिला २००८चा, दुसरा २००९चा. दोन्ही मी वापरलेत आणि दोन्हींवर जीव होता. जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन तुमच्यासमोर हे दोन आले आणि त्यातला एकच घ्यायचा असेल, तर पुढचं वाचा.

(आयफोन ३जी मी या स्पर्धेत धरलेला नाही. २२ ऑगस्ट २००८ला तो भारतात ३१,००० रुपयांपासून मिळू लागला, तेव्हा नावात ३जी होतं आणि देशात कुठेच ३जी नव्हतं. कॉपी-पेस्ट यायला २००९ उजाडलं. आज तो शोभेला ठेवावा.)

हातात घेतल्यावर ई७१ जिंकतो, यात वादच नाही. १० मिलिमीटर जाड, स्टीलचं अंग, १२७ ग्रॅम वजन, आणि हिवाळ्यात सकाळी उचलला की तळव्याला लागणारा गारवा. कर्व्ह प्लॅस्टिकचा. दोन दिवस ई७१ वापरून तो घेतला की खेळण्यातला वाटतो. टायपिंगला बसलात की मात्र पारडं फिरतं. ई७१ची बटणं एकमेकांना चिकटलेली, जाड अंगठ्यांची परीक्षा घेणारी. कर्व्हची सुटी सुटी, आणि त्याचे लाड फार: अक्षर दाबून धरलं की कॅपिटल, दोनदा स्पेस दिली की पूर्णविराम. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी त्यावर लांबलचक मेल लिहिलेत. ई७१वर ते जमायचं, पण चुका सुधारण्यात दोन स्टेशनं जायची.

ई७१ची खरी गंमत त्याच्या चार बटणांत आहे: होम, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स आणि मेल. कॅलेंडरचं बटण एकदा दाबलं की महिना उघडतो, दाबून धरलं की थेट नवीन नोंद. आजच्या फोनवर एवढ्याच कामाला मला चार ठिकाणी बोट लावावं लागतं. होम स्क्रीन दोन, एक कामाचा आणि एक घरचा, एका निवडीसरशी बदलणारे. घरच्या पडद्यावरून ऑफिसची मेल हटवता यायची. तेव्हा ही चैन वाटली होती, आता गरज वाटते.

ई७१ने त्रासही कमी दिला नाही. १२८ एमबी रॅम, त्यामुळे ब्राउझरच्या तीन खिडक्या उघडल्या की मेमरी भरल्याचा निरोप ठरलेला. एखादं ॲप टाकायला जावं तर 'सर्टिफिकेट एक्स्पायर्ड'. त्यावरचा उतारा सिम्बियनवाल्या (ई७१ची कार्यप्रणाली ती) प्रत्येकाला पाठ होता: फोनची तारीख मागे न्यायची, ॲप टाकायचं, तारीख पुन्हा पुढे आणायची. पुढे आणायला विसरलात की उद्याचा गजर दोन वर्षांनी वाजणार. हेडफोनचं भोक २.५ मिलिमीटरचं, म्हणजे घरातला कुठलाही हेडफोन बसत नाही, आणि एफएमला तर हेडफोनच ॲंटेना म्हणून लागतो. मायक्रो-यूएसबी आहे, पण त्यातून चार्जिंग होत नाही. बारीक पिनचाच चार्जर हवा. या दोन्ही बाबतींत कर्व्ह शहाणा: ३.५ मिलिमीटरचा जॅक, साध्या मायक्रो-यूएसबीवर चार्जिंग, आणि गाणी थांबवायला-बदलायला वरच्या कडेला बटणं.

मग कर्व्हच घ्या, असं म्हणायला हवं. पण कर्व्हचा आनंद त्या प्लॅस्टिकमध्ये नव्हताच, तो पलीकडच्या सर्व्हरमध्ये होता.

बीबीएम, म्हणजे ब्लॅकबेरी मेसेंजर, आठवतं? आठ अक्षरांचा पिन एकमेकांना द्यायचा, मग निरोपाशेजारी डी उमटला की पोचला, आर उमटला की वाचला. आर दिसूनही उत्तर आलं नाही की होणारा जळफळाट आम्ही निळ्या टिकांच्या कितीतरी आधी भोगलाय. कोपऱ्यातला लाल दिवा लुकलुकला की हात आपोआप खिशात. २०११च्या सप्टेंबरात ट्राय या दूरसंचार नियामकाने दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली (पुढे ती २०० झाली), आणि दिवाळीला तर एसएमएसचे पॅक चालतच नसत. त्या वर्षी ज्यांच्याकडे बीबीएम होतं त्यांनी शुभेच्छा अक्षरशः उधळल्या. त्याच ऑक्टोबरात तीन-चार दिवस ब्लॅकबेरीची सेवा भारतासह अनेक देशांत कोलमडली, तेव्हा लक्षात आलं की आपल्या हातात फोन आहे, पण फोनचं काळीज दुसरीकडे आहे.

ते काळीज आता बंद झालंय. सर्वसामान्यांचं बीबीएम ३१ मे २०१९ला थांबलं, आणि ४ जानेवारी २०२२पासून या जुन्या ब्लॅकबेरींवर कॉल आणि एसएमएसचीही खात्री देता येत नाही, असं कंपनीनेच सांगून टाकलं. कर्व्हमध्ये जीपीएस नाही, ३जी नाही, कॅमेरा २ मेगापिक्सलचा आणि फोकस न करणारा. सर्व्हर वजा केला की उरतो एक उत्तम कीबोर्ड.

ई७१मधून नेट वजा करून बघा. कॅलेंडर राहतं, टिपणं राहतात, एफएम राहतो, फोकस करणारा ३.२ मेगापिक्सलचा कॅमेरा राहतो. जीपीएसही राहतो, फक्त नेटची मदत नसल्याने उपग्रह सापडेपर्यंत मोकळ्या मैदानात काही मिनिटं उभं राहावं लागतं. माझा कौल इथेच ठरला.

व्हॉट्सॲपची आशा दोन्हीकडे सोडा. सिम्बियनवर ते २०१७च्या जूनअखेर संपलं, ब्लॅकबेरीवर त्याच डिसेंबरअखेर. वाय-फाय दोन्हींत आहे, पण आजच्या बहुतेक वेबसाइटींची सुरक्षा-पद्धत या ब्राउझरांना कळत नाही, म्हणून पान उघडतच नाही. भाच्याच्या दृष्टीने हाच मोठा गुण. पैसे पाठवायचेच असतील तर *९९# आहे, ते साध्या जीएसएम फोनवरही चालतं.

मराठीचं काय? लिहायचं तर तेव्हाही रोमन लिपीतच लिहायचो. वाचायचं तर चौकोन दिसायचे, मग कुणीतरी ओपेरा मिनी या ब्राउझरची युक्ती सांगितली. पत्त्याच्या जागी 'ओपेरा:कॉन्फिग' टाइप करायचं, तळाशी जायचं, आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी बिटमॅप फॉन्टचा पर्याय 'येस' करायचा. पान सर्व्हरवर अक्षरांचं चित्र होऊन यायचं, वेलांट्या-जोडाक्षरांसकट. पॅक नसताना दहा केबीला दहा पैसे मोजून मी अशी मराठी वर्तमानपत्रं वाचलीत. मथळा उघडायचा, आवडला तरच बातमी. इतक्या निवडीने पुन्हा कधी वाचलं नाही.

आता घेण्याबद्दल. दोन्ही फोनना आज २जीच लागतं, त्यामुळे जिओचं सिम चालणार नाही. एअरटेल किंवा व्हीआय घ्या. सिम मोठ्या आकाराचं हवं, तेव्हा नवं कार्ड मिळालं की बाहेरची चौकट तोडून फेकू नका. ऑनलाइन मिळणारे 'नव्यासारखे' ई७१ बरेचदा बाहेरून बदललेले असतात. स्टीलऐवजी रंगवलेलं प्लॅस्टिक असेल तर हातात घेताच कळतं, फोटोत कळत नाही. बॅटरी काढून टेबलावर आडवी ठेवा आणि गिरकी द्या. भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगलेली आहे. ई७१ला बीपी-४एल लागते. मी पुण्यात तापकीर गल्लीत एक घेतली, ती दुपारपर्यंतच टिकली, दुसऱ्या दुकानातली मात्र अजून दोन दिवस जाते. पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा आणि केवायएम, मोकळी जागा, तो क्रमांक असा एसएमएस १४४२२वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळेल. ई७१ आधीच्या मालकाच्या फोटोंसकट आला, तर *#७३७०# दाबून पुसा. सुरक्षा कोड विचारला आणि आधीच्याने बदललेला नसेल, तर तो १२३४५ असतो.

कर्व्ह कुणी घ्यावा? ज्याला लिहायचंय त्याने. वाय-फाय नको, सिम नको, नुसता मेमोपॅड उघडून प्रवासात टिपणं काढणाऱ्याला आजही त्याच्या कीबोर्डाला तोड नाही. फक्त फोन अडकला तर बॅटरी काढून पुन्हा घालायची आणि चालू होईपर्यंत एक चहा प्यायचा, एवढी तयारी ठेवा.

भाच्याने ई७१ नेलाय. बारीक पिनचा चार्जर घरात एकच होता, तोही त्याच्याबरोबर गेला. तेवढा परत मागवायचाय.