रिब्ल्या चोर्बा : काही महिने सलग ऐकल्यानंतर

एक गोष्ट आधीच सांगतो. या बँडची सुरुवात 'निवडक गाणी' छापाच्या संग्रहापासून करू नका. सर्बियातल्या बेलग्रेडच्या रिब्ल्या चोर्बाचे असे संग्रह ढिगाने आहेत, स्ट्रीमिंग ॲपवर तेच वर येतात, आणि नेमके तेच ऐकून लोक 'ठीक आहे, जुना हार्ड रॉक दिसतोय' म्हणून पुढे जातात. 1979 चं गाणं, मग 1999 चं, मग मध्येच 1985 चं असं ऐकलं की एकच आवाज चाळीस वर्षं तेच करतोय असं वाटतं. तसं अजिबात नाही. गायक बोरा जोर्जेविचचा घोगरा आवाज कायम असला, तरी त्याच्या मागे वाजणारा बँड मध्ये पार बदलला. ऐकायचं तर त्या बदलाच्या हिशेबाने ऐकावं, नाहीतर काही हाती लागत नाही.

बँड 1978 च्या ऑगस्टमध्ये बेलग्रेडला जमला. बोरा मूळचा सर्बियातल्याच चाचाक गावचा. त्याआधी तो अकूस्टिक गिटारवाल्या बँडांत होता: आधी सुन्त्सोक्रेत, मग थोडा काळ गायक जोर्जे बालाशेविचबरोबर रानी म्राझ. बाकी तिघे, म्हणजे गिटारवर रायको कोयिच, बेसवर मिशा अलेक्सिच आणि ड्रमवर मिरोस्लाव मिलातोविच, एसओएस नावाच्या कडक रॉक बँडमधून आले. ही जोडणी लक्षात ठेवा, कारण पहिल्या काही वर्षांची सगळी गंमत तिच्यात आहे. शब्दांना जपणारा कवीछाप गायक आणि त्याच्या मागे जराही नरमाई न दाखवणारे तिघे. लगोलग दुसरा गिटारवाला मोम्चिलो बायागिच, म्हणजे बायागा, आला आणि मूळ पाच पूर्ण झाले.

पहिली अडचण इथेच येते. त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं 'लुत्का सा नास्लोव्ने स्त्राने' (मुखपृष्ठावरची बाहुली) हे डिसेंबर 1978 च्या सिंगलवर आहे, पहिल्या अल्बमवर नाही. 'कोस्त उ ग्रलु' (घशात अडकलेलं हाड, 1979) हा अल्बम विकत घेऊन त्यात हे गाणं शोधत बसू नका. ते संग्रहांतच मिळतं. संग्रहाचा खरा उपयोग एवढाच: सिंगलवर राहून गेलेली गाणी उचलायची आणि बाकी सोडून द्यायचं.

'कोस्त उ ग्रलु' सलग ऐकताना 'ओस्तानी जुब्रे दो क्राया' हे संथ गाणं सगळ्यात आधी पकडतं, पण तेच धरून बसू नका. 'रोकेनरोल झा कुच्नी सावेत' ऐका. त्या काळच्या युगोस्लावियात प्रत्येक इमारतीला रहिवाशांची समिती असायची; कोण किती वाजता जोरात गाणी लावतं यावर तिचा डोळा. आपल्याकडे सोसायटीच्या कमिटीशी ज्याचा संबंध आलाय त्याला या गाण्याचा रोख वेगळा समजावावा लागणार नाही.

मग 1981. या एका वर्षात दोन अल्बम आले आणि ॲपवर त्यांचा क्रम हमखास उलटा लागतो, कारण तारखेच्या जागी पुन्हा काढलेल्या डिजिटल आवृत्तीचं वर्ष दिसतं. क्रम असा: आधी 'पोक्वारेना माश्ता इ प्र्ल्यावे स्त्रास्ती', मग 'म्र्त्वा प्रिरोदा' (स्थिरचित्र). क्रमाचा एवढा आग्रह अशासाठी की मध्ये निर्माता बदलला. पहिले दोन अल्बम एन्त्सो लेसिचने केले. 'म्र्त्वा प्रिरोदा' आणि पुढच्या वर्षीचा 'बुव्ल्या पियात्सा' (जुना बाजार, 1982) जॉन मॅकॉयने केले. हा मॅकॉय म्हणजे डीप पर्पलचा गायक इयान गिलन याच्या स्वतःच्या बँडचा बेसवाला. फरक पहिल्या मिनिटात कळतो. 'पोक्वारेना माश्ता'मध्ये आवाज पुढे आणि वाद्यं जरा मागे, खोलीत वाजल्यासारखी. 'म्र्त्वा प्रिरोदा'त ड्रम आणि बेस घट्ट एकमेकांत बसलेले, दोन गिटारी वेगळ्या ओळखता येतात, आणि बोराला ओरडावं न लागता तो ऐकू येतो. हे फोनच्या स्पीकरवर तपासू नका. मिशा अलेक्सिचचा बेस तिथे निम्मा नाहीसा होतो आणि सगळंच पत्र्यासारखं वाजतं. साधे तारेचे हेडफोन पुरतात. ॲपमधलं आवाज सारखा करणारं सेटिंग बंद ठेवा, नाहीतर संथ गाण्यातून जड गाण्यात जाताना जो धक्का बसायला हवा तो सपाट होतो. आणि शफल तर बंदच.

एकच अल्बम घ्यायचा असेल तर 'म्र्त्वा प्रिरोदा'. तो लाखोंनी खपला, पण नुसता खपावर मोठा ठरला असं नाही. त्यातल्या 'ना झापादु निश्ता नोवो' या गाण्यात, आदर्शांसाठी मरतात ते मूर्ख, अशा अर्थाची ओळ आहे. देश अजून दुसऱ्या महायुद्धात टिटोने जर्मनांविरुद्ध चालवलेल्या पार्टिझन (गनिमी) लढ्याच्या पुण्याईवर उभा होता. टिटो जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. 1982 च्या वसंतात जुन्या लढवय्यांच्या संघटनांनी या गाण्याविरुद्ध मोठा गदारोळ केला. ही पार्श्वभूमी माहीत नसेल तर गाणं नुसतं रागीट वाटतं. माहीत असेल तर कळतं की सरकारी रेडिओ-टीव्हीच्या मालकीच्या रेकॉर्ड कंपनीने, पीजीपी-आरटीबीने, हे छापलं होतं. त्या व्यवस्थेत किती चालायचं आणि कुठे अडायचं, याचा इतका नेमका नमुना दुसरा सापडत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत क्रोएशियातल्या झाग्रेबच्या बर्फाच्या हॉलमधल्या कार्यक्रमात चेंगराचेंगरी होऊन एक शाळकरी मुलगी दगावली. त्यानंतर थोड्याच काळात बेलग्रेडच्या पिओनीर हॉलमध्ये 'उ इमे नारोदा' हा लाइव्ह अल्बम ध्वनिमुद्रित झाला. त्यातली गर्दी ऐकताना ही तारीख डोक्यात राहते. लाइव्ह अल्बम सहसा भरतीचे असतात. हा तसा नाही. मूळ पाच जण रंगमंचावर नेमके कसे वाजत होते याचा हाच पुरावा. बँडच्या हिशेबातही तो पूर्ण अल्बम आहे असं दिसतं: 1986 च्या अल्बमचं नाव 'ओस्मी नेर्वनी स्लोम', म्हणजे आठवा नर्व्हस ब्रेकडाउन, आणि लाइव्ह धरला तरच तो आठवा भरतो.

1984 चा 'वेचेरास वास झाबाव्ल्यायु मुझिचारी कोयी पियु' मात्र दमलेला वाटतो. नावाचा अर्थ साधारण 'आज रात्री तुमची करमणूक करतील दारू पिणारे वादक' असा, आणि दुर्दैवाने नावात दिलेलं वचन अल्बम पाळतो. त्याच वर्षी बायागाचा स्वतःचा 'पोझितिव्ना गेओग्राफिया' आला आणि तुफान चालला. त्याच वर्षी तो आणि कोयिच दोघेही बँडबाहेर गेले. हे दोन 1984 वाले अल्बम लागोपाठ ऐका. चोर्बाच्या जुन्या गाण्यांतली चाल, हलकेपणा, गुणगुणता येणारा भाग कुठून येत होता ते लगेच उघड होतं. बायागाने पुढे इन्स्त्रुक्तोरी हा बँड काढला आणि तो वेगळाच मोठा विषय आहे.

दुसरा बँड इथून सुरू होतो. विदोया बोझिनोविच आणि निकोला चुटुरिलो असे दोन नवे गिटारवाले आले आणि 1985 चा 'इस्तिना' हा अल्बम जवळजवळ पुनर्जन्म म्हणावा असा झाला. आवाज अधिक जड, विनोद कमी, कडवटपणा जास्त. 'पोग्लेदाय दोम स्वोय, आंजेले' हे गाणं बहुतेकांच्या यादीत पहिल्या तिघांत असतं, आणि त्यात काही चूक नाही. मात्र ते एकटं काढून ऐकलं तर भव्य, थोडं नाटकी वाटतं. अल्बमच्या ओघात ऐकलं की कष्टाने कमावलेलं वाटतं. 'ओस्मी नेर्वनी स्लोम'वर 'आम्स्टर्डाम' या गाण्यात ब्रिटिश गायक एडी ग्रँट गायला आहे. ऐकायला मजा येते, पण दहाव्यांदा नाही. 1987 च्या 'उयेद झा दुशु'नंतर एकेका अल्बममधून दोन-तीन गाणी काढून घ्यावीत, बाकी सोडली तरी चालेल, असं स्पष्ट मत झालं आहे. ते पटणार नाही असे बरेच चाहते आहेत.

नव्वदीपुढचं ऐकताना मात्र डोळे उघडे ठेवा. युगोस्लाविया फुटला, युद्धं झाली, आणि बोरा उघडपणे सर्बियन राष्ट्रवादाच्या बाजूला गेला. झाग्रेबचा गायक युरा स्तुब्लिच याने बेलग्रेडच्या मित्राला उद्देशून गाणं केलं, तेव्हा बोराने क्रोएशियातल्या सर्बबहुल क्निनच्या मिंजुशारी या बँडसोबत झाग्रेबच्या मित्राला उद्देशून उलटं गाणं केलं. दुसरीकडे सर्बियाचा तेव्हाचा अध्यक्ष मिलोशेविच याच्या राजवटीवरही तो तुटून पडला. 1996 चा त्याचा एकट्याचा 'न्यिहोवी दानी' सगळा त्याच रागाचा आहे. तेव्हा 'सत्तेविरुद्ध गाणारा' आणि 'राष्ट्रवादी' यांपैकी एकच चिठ्ठी त्याला चिकटवू गेलात तर फसाल. 'झ्बोगोम, स्र्बियो' (1993) हा निर्बंध आणि महागाईने देश कोसळत असतानाचा अल्बम. संगीत म्हणून मध्यम, त्या वर्षाचा दस्तऐवज म्हणून जपून ठेवावा असा. 2000 नंतरचे अल्बम एकेकदा ऐकले, परत फारसे लागले नाहीत. शेवटचा 'दा तेबे निये' 2019 चा. रायको कोयिच 1997 मध्येच गेला होता. मिशा अलेक्सिच नोव्हेंबर 2020 मध्ये कोविडने गेला, बोरा सप्टेंबर 2024 मध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्यानात.

आता शोधण्याबद्दल. सर्बियन दोन लिपींत लिहितात, पण जुनी कव्हरं आणि ॲपवरची नावं बहुतेक रोमनमध्ये आहेत. सी, एस, झेड या अक्षरांवरच्या खुणा गाळून टाइप केलं तरी शोध लागतो. अडतं ते डी अक्षराला आडवी रेघ असते तिथे. नुसता डी टाकून उपयोग झाला नाही तर डी-जे टाकून पाहा. बोराचे एकट्याचे अल्बम बँडच्या पानावर दिसतीलच असं नाही, ते त्याच्या नावाने किंवा 'बोरा चोर्बा' या टोपणनावाने वेगळे शोधावे लागतात.

शब्दांशिवाय हा बँड निम्माच कळतो, आणि यांत्रिक भाषांतर इथे दोन ठिकाणी हमखास घसरतं. एक, ओळ-ओळ टाकली तर. बोराचं वाक्य दोन-तीन ओळी ओलांडून जातं, म्हणून कडवं सबंध टाका. दुसरं, बोलणारा बाई की बाप्या हे. सर्बियनमध्ये भूतकाळाच्या क्रियापदावरून ते कळतं, मराठीतही कळतं, पण भाषांतर मधून इंग्रजीमार्गे आलं की 'ती म्हणाली'चं 'तो म्हणाला' होऊन बसतं आणि प्रेमाच्या गाण्याचा अख्खा अर्थ फिरतो. क्रियापद 'ला'ने संपत असेल तर बोलणारी बाई, 'ओ'ने संपत असेल तर पुरुष, एवढं पाहून घेतलं की बहुतेक गोंधळ मिटतो. बेलग्रेडची बोली आणि शिव्या यांचं भाषांतर सोवळं होऊन येतं. मूळ त्याहून बरंच खारट आहे असं धरून चाला.

एलपी (मोठी रेकॉर्ड) घ्यायची असेल तर चकतीवरचं लेबल बघा. 'पीजीपी-आरटीबी' असेल तर ती जुन्या काळातली. कंपनीचं नाव 1993 मध्ये 'पीजीपी-आरटीएस' झालं, तेव्हा तसं लिहिलेली प्रत नंतरची. विक्रेता जुनी म्हणून विकत असेल तर लेबलाचा फोटो मागा. चकतीची आणि कव्हरची अवस्था वेगवेगळी विचारा. यांची बरीच कव्हरं व्यंगचित्रकार युगोस्लाव व्लाहोविचची आहेत आणि घेण्याचं निम्मं कारण तेच असतं. या रेकॉर्डी लाखोंनी निघाल्या, त्यामुळे 'दुर्मीळ' म्हणून चढा भाव लावणाऱ्याकडून घेऊ नका. भारतात मागवताना टपालखर्च आणि कस्टम मिळून रेकॉर्डच्या किमतीपेक्षा जास्त होतात. व्हिएन्ना किंवा जर्मनीत कुणी ओळखीचं असेल तर तिथल्या जुन्या बाजारात यांच्या प्रती सापडण्याची शक्यता चांगली, कारण युगोस्लाव कामगार तिथे मोठ्या संख्येने गेले. पहिल्या खेपेला 'म्र्त्वा प्रिरोदा' आणि 'उ इमे नारोदा' सांगा, आणि जागा उरली तर 'इस्तिना'.